सत्तेचाळीस नंबरचं घर

बोईसरच्या त्या गारठलेल्या खोलीत भिंतीएवढ्या पडद्यावर आपलं गाव उमटलं, तेव्हा विजयाताईंनी सगळ्यात आधी आपलं घर शोधलं. सापडायला वेळ लागला नाही. देवळामागची विहीर, विहिरीवरून चिकूच्या बागेकडे वळणारी वाट, आणि वाटेच्या तोंडाशी ते. आभाळातून पाहिल्यासारखं सगळं दिसत होतं, त्यामुळे ओटा नाही, कौलं नाहीत, नुसता एक तपकिरी चौकोन आणि त्यावर आकडा, बारा. तरी त्यांना बरं वाटलं. शेजारच्या चौकोनांपेक्षा तो चांगला मोठा होता.

"ओळखलंत ना, ताई? खारवाडीच आहे," ललित म्हणाला.

"न ओळखायला काय झालं? पन्नास वर्षं काढली मी तिथे."

ललित पालघरचा. त्याची आजी आणि विजयाताई केळव्याच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. पोरगा शिकून मोठा झाला, बाहेर फिरून आला आणि आता बोईसरला आठ माणसांचं ऑफिस काढून बसला होता. त्याचं काम काय, हे त्याच्या आजीलाही धड सांगता यायचं नाही. लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांना शिकवायला तो पडद्यावर गावं वसवायचा. खोटी गावं, पण माणसं खऱ्यासारखी वागणारी. किनाऱ्याला अनोळखी बोट लागली, गाव तासाभरात रिकामं करायचं आहे, तर लोक काय करतील? कोण पळेल, कोण दार लावून घेईल, अफवा कुठल्या आळीतून कुठल्या आळीत जाईल? बंदूक चालवायला शिकवणारे पुष्कळ असतात, पण घाबरलेल्या गावाशी कसं बोलायचं ते कुठे शिकायचं, म्हणून हा खटाटोप.

खारवाडी त्याने निवडली कारण नवापूरच्या दक्षिणेला समुद्राच्या अगदी कुशीत ती आहे, आणि तिथे बागायतदारांची वरची आळी आणि मासेमारांची मांगेलआळी अशा दोन्ही वस्त्या आहेत. मागच्या हिवाळ्यात त्याच्या ऑफिसातली किंजल नावाची मुलगी हातात पाटीसारखं यंत्र घेऊन घरोघर हिंडली होती. प्रत्येकाला विचारायची, सकाळी कुठे जाता, पाणी कुठून भरता, कुणाशी बोलता, कुणाशी बोलत नाही. आता ते सगळं पडद्यावर उतरलं होतं आणि बरोबर उतरलंय का हे तपासायला ललितने विजयाताईंना गाडी पाठवून बोलावलं होतं. गावात दुसरं कोण होतं बोलावण्यासारखं? पाच वर्षं सरपंच होत्या त्या. पंचवीस वर्षं झाली त्याला, तरी तलाठी अजून खुर्ची देतो.

"आता भोंगा वाजवतो हं," ललित म्हणाला आणि त्याने एक बटण दाबलं.

चौकोनांतून ठिपके बाहेर पडले. बायकांचे पिवळे, पुरुषांचे निळे. मुंग्यांच्या वारुळावर पाय पडावा तसे आधी सैरावैरा झाले. मग हळूहळू त्यांना दिशा आली. एका आळीतून, दोन आळींतून, देवळाच्या बाजूने. विजयाताई पुढे सरकून बसल्या. हे त्यांनी लग्नाआधी खरं पाहिलं होतं. एकाहत्तर साली लढाईच्या दिवसांत केळव्याला दिव्यांना काळे कागद लावायचे, आणि विमानाचा आवाज आला की अख्खी आळी त्यांच्या वडिलांच्या ओट्यावर गोळा व्हायची. दादा काही फार बोलायचे नाहीत. नुसते कंदिलाची वात कमी करून बसायचे. पण लोक यायचे. सतरा वर्षांच्या विजयाला तेव्हा वाटायचं, की ओटा असावा तर असा. लग्न होऊन खारवाडीला आल्यावर तिने आधी ओटा पाहिला होता आणि मग नवऱ्याचं तोंड.

ठिपके आता देवळापाशी आले होते. तिथून उजवीकडे वळलं की बारा नंबर.

ठिपके डावीकडे वळले.

उताराने खाली, मांगेलआळीत, एका काड्यापेटीएवढ्या चौकोनाभोवती गर्दी झाली. पिवळ्या-निळ्याचा असा गोळा झाला की खालचा आकडा दिसेनासा झाला.

"ते कोणतं घर?" विजयाताईंनी विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"सत्तेचाळीस. नावं आम्ही ठेवत नाही, ताई, नुसते आकडे. पण हे घर म्हणजे गावाची नाडी आहे बघा. शंभरातल्या साठ जणांनी याच घराचं नाव सांगितलं. अधिकाऱ्यांना हेच शोधायला शिकवायचं असतं. आधी कुठल्या दारात जायचं. चुकीच्या दारात गेले तर गाव बिथरतं."

नावं नव्हती, पण विजयाताईंना नावाची गरज कुठे होती? मागे बोंबील वाळवायच्या काठ्या, पुढे शेवग्याचं झाड, बाजूला कोळसुंद्याचं रान. चिमीचं घर. कपाळावर टोपलीचा वळ पडलेली, अंगठा उठवणारी चिमी, जी गेली पन्नास वर्षं रोज सकाळी विजयाताईंच्या मागच्या दाराच्या पायरीवर टोपली उतरवत आली होती.

आणि तेवढ्यात त्यांना दिसलं, की बारा नंबरच्या मोठ्या चौकोनातून एक पिवळा ठिपका उशिराने निघालाय. म्हातारीच्या चालीने, पण न थांबता तो देवळापाशी आला, डावीकडे वळला आणि तुरुतुरु उतार उतरून त्या गर्दीत घुसला.

"हा... हा कुठे चालला?"

शेजारी बसलेल्या किंजलने यंत्रात पाहिलं. "स्त्री, वय सत्तर. 'आधी कोणाकडे जाल' याला उत्तर दिलंय, सत्तेचाळीस." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली.

विजयाताईंना आठवलं. त्या दिवशी त्या विळीवर नारळ खोवत होत्या, मुलगी दारात उभी राहून एकामागून एक प्रश्न विचारत होती, आणि त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, "आधी चिमीकडे, आणखी कुठे?" तोंडातून असंच निघून गेलं. चहा झाला का विचारल्यावर हो म्हणावं तसं. ते आता भिंतीवर ठिपका होऊन पळत होतं, आणि दोन परक्या पोरांनी ते पाहिलं होतं.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

"चुकलंय?"

"ती बाई टोपली घेऊन दिवसभर बाहेर. घरी सापडते कुठे? आणि..." इथे त्या थांबल्या. पुढे जायचं की नाही हे ठरवायला त्यांना एक श्वास पुरला. "आणि तिला हल्ली ऐकू येत नाही. भोंगा वाजला तरी कळायचा नाही तिला. लोकांनी सवयीने नाव सांगितलं असेल. वेळ आली की गाव माझ्याकडेच येतं. नळाच्या भांडणाच्या वेळी कोणाकडे आलं होतं? पुराच्या वर्षी?"

पुराच्या वर्षी त्या मुंबईला थोरल्या लेकाकडे होत्या. पण ललितला ते कुठे माहीत असणार? त्याने आजीच्या मैत्रिणीकडे पाहिलं, मान हलवली आणि लिहून घेतलं. असं गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घेण्यासाठीच तर बोलावलं होतं. त्याने काहीतरी आकडे बदलले, पुन्हा भोंगा वाजवला. ठिपके निघाले, देवळापाशी आले आणि उजवीकडे वळले. तपकिरी चौकोन पिवळ्या-निळ्याने भरून गेला. बारा नंबरचा स्वतःचा ठिपका घरातच थांबला होता, मधोमध.

"पुन्हा दाखव," विजयाताई म्हणाल्या.

त्यांनी ते तीनदा पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी आली तेव्हा विजयाताई मागच्या दाराशी आधीच उभ्या होत्या.

"विजाबाय, आज मांदेली हाय. ताजी. बगा डोला कसा हाय तिचा."

विजयाताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ ओठातल्या ओठात म्हटलं, "चिमे, करंदी आहे का?"

"करंदी उद्या आनते. असं भिंतीला काय इचारता? भिंत काय करंदी विकते?"

आतून आत्माराम फिसकन हसले. विजयाताईंचे यजमान, वय पंच्याहत्तर, दिवसभर वर्तमानपत्रामागे लपलेले आणि एक शब्द न चुकवणारे.

चिमी पायरीवर ऐसपैस बसली आणि मांदेलीबरोबर रोजचं मोजायला लागली. वामनची सासू पालघरच्या दवाखान्यात हाय, उद्या सोडतील. नीलेश मुरब्याच्या बोटीवर गेला, परवा येईल. देवळामागच्या हेतलचं पोर तापानं फणफणलं, आज शाळेत नाय गेलं. बोलता बोलता हात चालू, वाटे लावणं चालू. विजयाताई परात धरून ऐकत होत्या. पन्नास वर्षं त्यांनी असंच ऐकलं होतं आणि त्यांना कायम वाटायचं, की चिमी आपल्याकडे येते. येऊन गावची हकीकत देते, जशी सरपंचाला द्यावी. आज पहिल्यांदा जाणवलं, की परात धरून वाट बघत कोण उभं असतं आणि कोण बसलेलं असतं.

दोघी एकाच वर्षी खारवाडीत नवरी होऊन आलेल्या. चिमी मुरब्याची, विजया केळव्याची. विजयाचं सासरी कौतुक झालं ते मॅट्रिक पास म्हणून. चिमीचं कौतुक कोणी केलं नाही. तिचा नवरा लवकर गेला, दोन पोरी होत्या त्या लग्न होऊन गेल्या. तिच्याकडे हेवा करण्यासारखं काय होतं? पण वटपौर्णिमेला बायका कुणाची वाट बघत खोळंबायच्या? कुणाच्या घरचं बारसं चिमी पोचल्याशिवाय सुरू व्हायचं नाही? विजयाताई निवडून आल्या त्या दिवशी मिरवणूक मांगेलआळीतून निघाली, आणि गुलाल आधी चिमीच्या कपाळाला लागला. "हिनंच तर सगल्यांना सांगितलं, मत बायलाच द्या," असं कोणीतरी ओरडलं होतं. पंचवीस वर्षं तो गुलाल विजयाताईंच्या डोळ्यात गेल्यासारखा खुपत होता.

"ते लश्करवाले येनार म्हनं गुरुवारी," चिमी टोपली उचलताना म्हणाली. "सराव हाय, भोंगा वाजवनार. तुमच्याकडं येनार काय?"

"माझ्याकडेच. कागदावर तसं ठरलंय."

"बरं झालं बाय. माज्याकडं बसायला जागा कुटं?" आणि ती हसली. मनापासून. त्यात जराही काही नव्हतं, आणि तेच विजयाताईंना सोसेना. समोरच्याने एकदा तरी जळावं की नाही?

ती गेल्यावर आत्माराम वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, "काय गं, भिंतीला अजून काही विचारायचं होतं का?"

"तुम्ही पेपर वाचा."

*

गुरुवारी विजयाताईंनी ओटा पाण्याने धुतला. सहा खुर्च्या मांडल्या, दोन देवळातून आणवल्या. चिकू कापून झाकून ठेवले, चहाचं आधण तयार. अंगावर मोरपंखी काठाची साडी. गावाला सांगितलेलं होतंच: सराव आहे, घाबरू नका, किनाऱ्याला संशयित बोट लागलीय असं धरून चाला. तासाभरात सगळ्यांनी शाळेच्या पटांगणात जमायचं आहे. पण कोणी कसं वागायचं ते कोणी शिकवणार नाही, रोज जसं वागाल तसं वागा. तारापूरचं अणुवीज केंद्र जवळ असल्याने भोंग्याच्या सरावांची गावाला सवय होती, पण बंदूकवाले प्रथमच येणार होते.

दहाला भोंगा वाजला. लांब, वर चढत जाणारा. अंगणातल्या कोंबड्या आंब्याखाली पळाल्या. पाच मिनिटांत एक हिरवी गाडी दारात थांबली आणि त्यातून तिघं उतरले. पुढचा कॅप्टन हर्षित, पंचविशीचा, नुकतीच मिसरूड फुटल्यासारखा. त्याच्या मागे एक जण हातात नकाशा घेऊन आणि एक बिनतारी यंत्र घेऊन. पलीकडे रस्त्यावर मेजरसाहेब घड्याळ लावून उभे होते, मधे न पडता नुसतं बघायला, आणि त्यांच्या शेजारी ललित आणि किंजल.

"नमस्ते माताजी. बारा नंबर?"

"हां हां, बारा नंबर. आओ, बैठो. अभी सब लोग इधर ही आयेगा."

कॅप्टनने टोपी मांडीवर ठेवली. त्याची परीक्षा होती हे त्याच्या बोटांवरून कळत होतं. तीनशे बारा माणसं, एक तास, आणि नकाशावर लाल गोल केलेलं एकच घर.

विजयाताईंनी चहा ओतला. भोंगा चालूच होता. देवळाच्या बाजूने पावलं वाजली, बायकांचे आवाज आले, कोणीतरी पोराला हाक मारली. विजयाताईंनी पदर सावरला. पावलं देवळापाशी आली आणि दूर गेली.

"लोग, माताजी?"

"आ रहे हैं."

दहा मिनिटं झाली. वामन समोरून धावत गेला. विजयाताईंनी हाक मारली, "वामन! अरे इकडे, साहेब आलेत!" त्याने धावता धावताच हात जोडले, "आलोच ताई, जरा खाली जाऊन येतो," आणि उतार उतरला. मग हेतल, काखेत तापलेलं पोर घेऊन. तिने तर पाहिलंही नाही.

"अहो," विजयाताई आत्मारामांना म्हणाल्या, "जा बघू, बोलावून आणा सगळ्यांना. म्हणावं, इथे जमायचंय."

आत्माराम चपला घालून गेले. आले नाहीत.

वीस मिनिटं. चहावर साय धरली. मांगेलआळीकडून जत्रेसारखा गलका ऐकू येत होता. कॅप्टन यंत्रावर कोणाशी तरी बोलला, नकाशा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. त्याच्या कपाळावर घाम होता. रस्त्यापलीकडे ललितचा चेहरा उतरत चालला होता. तो एकदा आपल्या कागदाकडे बघायचा, एकदा रिकाम्या ओट्याकडे.

आणि मग आणखी एक गोष्ट झाली, जी विजयाताईंनी धरलीच नव्हती. सराव आहे हे पूर्ण माहीत असूनही, तो आवाज इतका वेळ कानात घुसल्यावर त्यांच्या मनात धाकट्या सुनेचा विचार आला. भाग्यश्री बोईसरला औषधांच्या कंपनीत. आज तिची पाळी सकाळची की दुपारची? डबा घेऊन गेली की आत झोपलीय? सकाळपासून साडी, खुर्च्या आणि चिकू यांत त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी आत जाऊन पाहिलं. खोली रिकामी. बागेत गेली का? विहिरीवर? आत्माराम तरी कुठे गेले?

ओटा रिकामा, घर रिकामं, आणि त्यात बसलेला परका पोरगा, जो त्यांच्या शब्दावर नापास व्हायला निघाला होता.

आणखी थोडा वेळ त्या तशाच बसल्या. उठायचं जिवावर आलं होतं. उठणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं कळत होतं. मग त्यांनी खुर्चीच्या हाताला रेटा दिला.

"चलो," त्या कॅप्टनला म्हणाल्या. "मेरे साथ चलो. जल्दी."

देवळापाशी त्या डावीकडे वळल्या.

शेवग्याच्या झाडाखाली अख्खं गाव होतं. मधे चिमी मासळी साफ करायच्या दगडावर बसली होती, आणि लोक एकेक करून पुढे होत होते. ती काही हुकूम देत नव्हती. नुसती सांगत होती.

"तुजा नीलेश मुरब्याला हाय, मघाशीच फोन आलता बोटीवाल्याचा. जा तू शालेत. हेतल, तुजी सासू देवलात बसली हाय, पाय दुकतो तिचा, जाताना तिला घेऊन जा. धीरज? धीरज बर्फाला गेला, पावनेअकरापर्यंत येतो. मी हाय, मी सांगते त्याला. जा."

ज्याला आपलं माणूस कुठे आहे ते कळलं, तो वळून मुकाट शाळेच्या वाटेला लागत होता. एकही जण 'काय झालं' म्हणून विचारत नव्हता, 'काय करू' म्हणूनही नाही. जो तो एकच विचारायला आला होता, माझं माणूस कुठे आहे. आणि ते गावात एकाच माणसाला माहीत होतं, कारण ते माणूस रोज सकाळी टोपली घेऊन प्रत्येक दाराशी जात होतं.

रांगेच्या कडेला आत्माराम उभे होते. बायकोला पाहून त्यांनी खांदे उडवले.

विजयाताईंना कॅप्टनची ओळख करून द्यायची होती. 'चिमे, हे साहेब,' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "चिमे, आमची भाग्यश्री गं?"

"कंपनीत हाय. पावनेआठच्या बशीनं गेली. निली छत्री होती हातात, उनाची." चिमीने वरही पाहिलं नाही. "आनि आत्मारामभाव हे काय इथं. जा तुमी."

विजयाताईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

कॅप्टन हुशार निघाला. त्याने कोणाला काही विचारलं नाही. नकाशा घडी करून खिशात घातला, यंत्रवाल्याला दगडाच्या शेजारी उभं केलं आणि स्वतः हेतलच्या सासूला हात द्यायला देवळाकडे गेला. अकराला चार मिनिटं कमी असताना पटांगण भरलं.

*

शाळेच्या व्हरांड्यात मेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर कॅप्टनला विचारलं, की पहिली पंचवीस मिनिटं वाया का गेली. कॅप्टन म्हणाला, की नकाशात बारा नंबर होता. मेजरांनी ललितकडे पाहिलं. ललितने कागद काढला. सत्तेचाळीस नंबर होतं, पण स्थानिक माहितीवरून बदललं, कारण त्या घरातल्या बाईंना ऐकू येत नाही असं...

"कोनाला ऐकू येत नाय?" पाचव्या ओळीतून चिमी ओरडली. तेवढं हिंदी तिला कळलं होतं. लोक हसले.

विजयाताई उठून ललितजवळ गेल्या. त्यांनी आवाज खाली ठेवला, पण पुढच्या दोन ओळींना ऐकू जाईल एवढाच खाली.

"ते खोड. मी खोटं सांगितलं होतं. तुझं आधीचं बरोबर होतं."

ललितने त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला असं पाहायची वेळ त्याच्यावर आली नसती तर बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. त्याने पेन काढून एक ओळ खोडली.

मेजरसाहेबांनी चिमीला पुढे बोलावलं. ती डुलत चालत आली, पदराला हात पुसत. तिचं हिंदी बोईसरच्या कामगारांना बोंबील विकण्यापुरतं, म्हणून मेजरांनी विजयाताईंना शेजारी उभं केलं. तुम्ही सांगा माताजी, त्या काय म्हणतात ते.

प्रश्न साधे होते. लोक तुमच्याकडे का येतात? विजयाताईंनी विचारलं. चिमी म्हणाली, "म्हाईत नाय. येतात." विजयाताईंनी मेजरांना सांगितलं, की ही रोज घरोघर जाते, हिला प्रत्येकाचं माणूस कुठे आहे ते ठाऊक असतं. भीती वाटली की लोकांना तेवढंच हवं असतं. बोलताना प्रत्येक वाक्य जिभेवर कडू लागत होतं, आणि तरी ते इतकं नीट जमत होतं, की कॅप्टन लिहून घेऊ लागला. चिमीला स्वतःलाही हे असं सांगता आलं नसतं.

मग मेजरांनी शेवटचं विचारलं. उद्या खरंच काही झालं, आमचे लोक रात्री-अपरात्री या गावात आले, तर पहिल्यांदा कोणाला भेटायचं?

विजयाताईंनी ते चिमीला विचारलं.

चिमीला विचार करावा लागला नाही. "हे काय इचारनं झालं? तुमालाच भेटायचं. सांगा त्यांना, आमच्या सरपंचबायला भेटा. शिकलेली हाय, ओटा हाय, चार लोकांशी बोलता येतं तिला. माज्याकडं येऊन काय करनार, मावरं निवडनार?"

मेजर विजयाताईंकडे बघत होते. पेन उघडं होतं.

एवढंच हवं होतं. कोणी मागितलं नाही, ओढून घेतलं नाही, आणि मांदेलीवर चार मांदेल्या वर टाकाव्या तसं चिमीने ते परातीत टाकलं होतं. आता ते फक्त हिंदीत म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. बोलणारीने तेच म्हटलं होतं. त्यांना भिंतीवरचा तो मोठा चौकोन दिसला, भरलेला. आणि मग धुतलेला ओटा दिसला, साय धरलेला चहा, आणि कपाळावर घाम आलेला परका पोरगा, जो उद्या खरा भोंगा वाजल्यावर त्याच ओट्यावर पंचवीस मिनिटं बसून राहील.

देऊन टाकता येण्याइतकं हिच्याकडे कसं असतं, हा हेवा त्यांना सगळ्यांत जास्त जाळून गेला.

"वो बोलती है," विजयाताई म्हणाल्या, "कि मेरे पास आना. सैंतालीस नंबर. दिन में पूछना, रात में पूछना, पहले मेरे पास ही आना."

ललितने मान झटकन वर केली. त्याला दोन्ही भाषा येत होत्या.

चिमीने विजयाताईंचा दंड धरला. "बाय, मी असं कुटं बोलले? आकडा कसला सांगितला तुमी?"

"तू गप्प बस," विजयाताई म्हणाल्या.

मेजरसाहेब सावध उभे राहिले आणि त्यांनी चिमीला कडक सलाम ठोकला. मागून कॅप्टननेही. पटांगणात टाळ्या पडल्या, आत्माराम तर तोंडात दोन बोटं घालून शीळ मारत होते, पंच्याहत्तराव्या वर्षी. चिमी गोंधळून पदर तोंडाशी धरून हसत राहिली. विजयाताई तिच्या शेजारी उभ्या होत्या, अगदी खांद्याला खांदा लावून, पण सलाम त्यांच्या खांद्यावरूनही गेला नाही. त्यांनी मोरपंखी काठाचा पदर घट्ट लपेटून घेतला आणि टाळ्या वाजवल्या. चांगल्या मोठ्याने वाजवल्या. न वाजवून चाललं नसतं, सगळे बघत होते.